दोन मजली फेरेट पिंजरा : रत्नागिरीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यानंतरचा अनुभव

अडीच फूट लांब, दोन फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच, पावडर कोटिंग केलेल्या तारेचा हा पिंजरा दोन फेरेटना (मुंगसासारख्या लांबट अंगाच्या छोट्या पाळीव प्राण्यांना) पुरतो. सांगाडा भक्कम आहे. पण पेटीतून काढून तसाच मांडला तर कोकणात चालणार नाही.

गजांमधलं अंतर पाऊण इंच आहे, ते योग्य. एक इंचाच्या पुढे गेलं की लहान मादी डोकं घालते, आणि डोकं गेलं की अंगही जातं. दारांच्या कड्या हलक्या असल्याने फेरेट नाकाने उचलून त्या काढतात. प्रत्येक दाराला स्टीलचा स्प्रिंगवाला हूक लावा. पायांखालची रबरी बुचं पहिल्या दिवशीच काढून टाका. फेरेटना रबर चावायला फार आवडतं, आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय सुटका नसते.

खाऱ्या हवेने गंज धरला तो तळाच्या मागच्या कोपऱ्यांत. फेरेट कोपऱ्याला पाठ लावून शी-शू करतात, मूत्र तारेच्या जोडात मुरतं आणि कोटिंगला पोपडे येतात. त्यात तारेवर चालून तळव्यांना जखमा होतात, नखं अडकतात ते वेगळंच. दोन्ही मजल्यांवर आणि उतरणीवर विनाइलचा तुकडा मापात कापून बसवा, कोपऱ्यात मागची भिंत उंच असलेला ट्रे ठेवा. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्यांचं लिटर, म्हणजे शी-शू शोषून घेणारा थर, घाला. ओलं झाल्यावर गोळा होणारं मांजराचं लिटर नको, पाइन किंवा देवदाराचा भुसाही नको. त्याच्या उग्र वासाने श्वासनलिकेला त्रास होतो. विनाइल आठवड्याला काढून धुवा आणि खालची तार कोरडी पुसल्याशिवाय परत घालू नका.

सगळ्यात मोठी काळजी उकाड्याची. फेरेटना घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग नाही. २७ अंशांच्या पुढे त्यांना त्रास सुरू होतो, तिशी ओलांडली की जिवावर बेततं, आणि दमट हवेत त्याही आधी. पिंजरा पश्चिमेच्या जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका. दिवसभर तापलेली भिंत रात्रीही गरम असते. आतल्या खोलीत एसी २४ वर ठेवा. वीज जाणारच, म्हणून फ्रीजरमध्ये एकेक लिटर पाण्याच्या चार बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. फ्लीसमध्ये (लोकरीसारख्या मऊ कापडात) गुंडाळून दोन बाटल्या झुल्याशेजारी ठेवा, पण दुसरा मजला मोकळा सोडा, म्हणजे फेरेटला गारवा नको असेल तर दूर जाता येतं.

फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो, तेही इतका गाढ की उचलला तरी अंग लुळं लागतं. घाबरू नका. झोपेत श्वास संथ असतो. तोंड उघडं टाकून धापा, लाळ आणि चटका लागेल इतकं गरम अंग, हा मात्र उष्माघात. पंजे आणि पोट साध्या गार पाण्याने ओलं करा, बर्फ लावू नका, आणि डॉक्टर गाठा.

सोबत मिळणारा झुला टॉवेलच्या कापडाचा आहे. त्याच्या दोऱ्यांत नखं गुंततात. फ्लीसचे तीन झुले शिवून घ्या. आषाढात एक वाळेपर्यंत दुसरा कुबट होतो. नखं दोन-तीन आठवड्यांनी कापा. वास येतो म्हणून आंघोळ घालू नका. त्वचा कोरडी पडते, तेल जास्त सुटतं आणि वास वाढतो. वास असतो तो अंथरुणात, तेच धुवा.

खाण्याची वाटी पिंजऱ्याला अडकवता येते, हे सोयीचं. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून वाटी रिकामी राहू देऊ नका. पण पावसाळ्यात कोरडं खाद्य लगेच सादळतं आणि बुरशी धरतं. दिवसातून दोनदा थोडं थोडं घाला, बाकीचं घट्ट झाकणाच्या डब्यात. मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि ते पाणी एक दिवसाआड ओता, नाहीतर डास होतील. डासांमुळे फेरेटना हार्टवर्म (हृदयातले जंत) होतो, म्हणून खिडकीला बारीक जाळी हवीच, आणि प्रतिबंधक औषधाचं आगोटीच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.