डार्कटेबल: काळे आलेले चेहरे उजळवताना, काही महिन्यांच्या वापरानंतर

डार्कटेबलवर, म्हणजे संगणकावर फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरवर, लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण शेवटी लिहायला बसवलं ते लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरने. डिस्क बदलायला दिलेला लॅपटॉप कोरा होऊन परत आला. विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने पावतीच्या मागच्या बारीक छपाईवर बोट ठेवलं: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. जुनी डिस्क तरी द्या म्हटलं, तर "ती वॉरंटीत परत जाते, मॅडम." नियम असेलही तसा, पण लॅपटॉप ठेवून घेतानाच हे तोंडाने सांगायला काय जातं? तिथे माझा आवाज चढला आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

फोटो बाहेरच्या डिस्कवर होते, त्यांची चिंता नव्हती. चिंता होती ती त्यांच्यावर केलेल्या कामाची. घरी येऊन डार्कटेबल पुन्हा उतरवून घेतलं, फोटोंचं फोल्डर दाखवलं, आणि सगळे फोटो मी सोडले होते तसेच, उजळलेले, एकापाठोपाठ एक समोर आले. हे सॉफ्टवेअर मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीला, हात लावत नाही. कुठला स्लायडर किती सरकवला याची नोंद ते प्रत्येक फोटोच्या शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. माझं सगळं काम त्या चिमुकल्या फाइलींमध्ये सुखरूप होतं. फोटोंची डिस्क सांभाळली की एडिटिंग आपोआप सांभाळलं जातं. सेटिंगमध्ये एक्सएमपी लिहिणं बंद केलेलं नाही ना, एवढं मात्र आजच बघून घ्या.

डार्कटेबल फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, हे बहुतेकांना माहीत असतंच. म्हणून मी फक्त माझ्या कामापुरतं लिहिते, आणि माझं काम एकच: काळे आलेले चेहरे उजळवणे.

पुण्यात फोटो काढायला शिकणारा माणूस पालखीला कॅमेरा घेऊन जातोच. दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला येतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. पुढे माउलींची पालखी हडपसरवरून दिवे घाटाने सासवडकडे निघाली की निम्मं पुणं घाटात असतं. आता तिथला उजेड आठवा. वर पावसाळी आभाळ, पण पांढरंफेक. खाली पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, हे वारकरी आहेत हे कळत नाही. समोरचं सगळं मिळून साधारण मधल्या करड्या रंगाचं असणार, असं धरून तो हिशोब करतो. एवढं पांढरं दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो अंधारा करून टाकतो. टोपी करडी, आभाळ छान ढगाळ, आणि टोपीखालचा उन्हात रापलेला चेहरा काळाठिक्कर.

माझी मावशी दर वर्षी वारीला जाते. घाटाच्या वळणावर डोक्यावर तुळस घेऊन चालताना तिचा एक फोटो मिळाला. पाऊल उचललेलं, पदर वाऱ्यावर, मागे दिंडीच्या पताका. चेहरा मात्र नाही. म्हणजे आहे, पण डोळे कुठे आणि कपाळ कुठे ते कळत नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहून मावशी एवढंच म्हणाली, "अगं, ही मीच का?" या एका फोटोसाठी मी फोटो दुरुस्त करायला शिकले.

सुरुवात फोनवरच्या एका ॲपने झाली. नाव घेत नाही. काही दिवस फुकट म्हणून घेतलं आणि मुदत संपताच वर्षाचे पैसे खात्यातून गेले. परत मिळाले, पण ईमेलचा रतीब घालावा लागला. तेव्हापासून सॉफ्टवेअरला भाडं द्यायचं नाही हे पक्कं ठरलं. ॲडोबीचं लाइटरूम हे फोटो सॉफ्टवेअर उत्तम आहे, व्यवसाय करणाऱ्यांनी जरूर घ्यावं. पण एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लाइटरूम 6 नंतर संपलं, 2017 मध्ये. वर्षातून एक वारी, दोन बारशी आणि गणपती एवढेच फोटो काढणाऱ्या माणसाने महिन्याच्या महिन्याला पैसे का भरायचे?

एक गोष्ट आधी सांगते, कारण त्यावाचून पुढचं सगळं व्यर्थ आहे. कॅमेऱ्यात रॉ चालू करा. जेपीईजीमध्ये, म्हणजे कॅमेरा किंवा फोन देतो त्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या फक्त 256 पायऱ्या असतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या 12 बिट रॉमध्ये त्या 4096 असतात. पण त्यांचीही वाटणी समान नाही. निम्म्या, म्हणजे 2048, सगळ्यात उजळ स्टॉपकडे जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), त्याखालच्या स्टॉपला 1024, मग 512, मग 256. अंधारात गेलेला चेहरा या उतरंडीच्या तळाशी बसलेला असतो, शिवाय तिथे मुळात प्रकाशच कमी पोचलेला असतो. म्हणून उजळवल्यावर दाणे दिसतात. रॉमध्ये निदान दाणे तरी मिळतात, जेपीईजीमध्ये गालावर चौकोनी ठिपके आणि चिखलासारखा रंग येतो. फोनवरच्या जेपीईजीला थोडं उजळवायचं असेल तर स्नॅपसीड फुकट आहे आणि पुरेसं आहे, त्यासाठी डार्कटेबलच्या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या महिन्यात डार्कटेबलबद्दल माझं मत वाईट होतं, आणि त्याचं कारण टोन इक्वलायझर नावाचं एकच मॉड्यूल, म्हणजे एका कामाचं एक अवजार, होतं. एक्सपोजर मॉड्यूलमध्ये काही अडचण नाही. तिथला आकडा ईव्हीमध्ये, म्हणजे स्टॉपमध्येच, असतो, एक ईव्ही वाढवला की उजेड दुप्पट. मावशीच्या फोटोला सव्वादोन ईव्ही दिले आणि चेहरा आला. कपाळावरचा बुक्का, नाकातली चमकी, गालाच्या सुरकुत्या, हनुवटीवर थांबलेला पावसाचा थेंबसुद्धा. पण आभाळ पार पांढरं झालं, पताका त्यात विरघळल्या. चेहरा ठेवून आभाळ खाली आणायचं काम टोन इक्वलायझरचं. सगळ्यात काळ्यापासून सगळ्यात उजळापर्यंत नऊ स्लायडर. मी उजळ बाजूचे दोन खाली ओढले, आभाळ जेमतेम हललं. आणखी ओढले, तर आभाळाबरोबर पांढरे सदरेही मळकट झाले. शेवटी स्लायडर टोकाला नेले, तेव्हा तुळशीच्या प्रत्येक पानाभोवती पांढुरकी कड उमटली, जणू कुणी कात्रीने मावशीला कापून दुसऱ्या आभाळावर चिकटवलं आहे. वैतागून सॉफ्टवेअर काढून टाकलं होतं.

महिनाभराने परत घातलं, दुसरं काही फुकट आणि इतकं ताकदीचं सापडलं नाही म्हणून. या वेळी मॅन्युअल वाचलं. ते इंटरनेटवर मोफत आहे आणि चांगलं लिहिलेलं आहे. तेव्हा कळलं की सगळी चावी मास्किंग नावाच्या तिसऱ्या टॅबमध्ये आहे, आणि नवशिका माणूस त्या टॅबपर्यंत पोचतच नाही.

स्लायडर थेट फोटोवर चालत नाहीत. आधी फोटोची एक धूसर, करडी प्रत तयार होते, तो मास्क. त्यात जो भाग जितका उजळ, त्यावर त्या पायरीचा स्लायडर चालतो. मास्कचा सगळा उजेड एका कोपऱ्यात कोंबलेला असेल तर नऊपैकी सात स्लायडर रिकामेच फिरतात आणि उरलेल्या दोनांत आभाळ, सदरे, टोप्या सगळं एकत्र येतं. मास्किंग टॅबमध्ये मास्कचं एक्सपोजर आणि मास्कचा कॉन्ट्रास्ट असे दोन स्लायडर आहेत, प्रत्येकाच्या शेजारी जादूच्या कांडीचं चिन्ह. आधी एक्सपोजरची कांडी, मग कॉन्ट्रास्टची. बास. ॲडव्हान्स्ड टॅबमधला आलेख नऊच्या नऊ पायऱ्यांवर पसरतो आणि स्लायडर शहाण्यासारखे वागायला लागतात.

त्यानंतरची गंमत तर मला आजही नवी वाटते. मॉड्यूल उघडं ठेवून माउस सरळ फोटोवर न्यायचा. आभाळावर ठेवून चाक खाली फिरवलं की तेवढ्या उजेडाचा भाग खाली येतो. चेहऱ्यावर ठेवून वर फिरवलं की चेहरा उजळतो. स्लायडरचं नाव वाचायचीही गरज नाही. मावशीच्या आभाळावर चाक फिरवलं आणि ढगांच्या घड्या परत दिसल्या, पताकांचा भगवा परत आला, तुळशीची कड स्वच्छ. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

तेव्हा माझं मत बदललं, पण एक तक्रार आजही तितकीच तीव्र आहे. ज्या दोन कांड्यांवाचून मॉड्यूल नीट चालत नाही, त्या तिसऱ्या टॅबमध्ये का? पहिल्याच टॅबमध्ये, ठळक, सगळ्यात वर हव्यात. आणि आणखी एक खाच आहे. एक्सपोजरचं काम आधी होतं, टोन इक्वलायझरचं नंतर. त्यामुळे नंतर कधी मागे जाऊन एक्सपोजर अर्धा ईव्ही जरी बदललात तरी मास्क सरकतो, आणि जुळवलेलं आभाळ बिघडतं. कुठलीही सूचना येत नाही. पुन्हा दोन्ही कांड्या फिरवायच्या. हे कळेपर्यंत किती जणांनी माझ्यासारखं सॉफ्टवेअर काढून टाकलं असेल, याचा मला खरोखर राग येतो. इतकं सुंदर काम फुकट करून देणाऱ्या लोकांनी एवढं केलं तर हजारो नवशिके टिकतील.

म्हणून क्रम कधीही सोडू नका. आधी एक्सपोजर, आणि ते फक्त चेहऱ्याकडे बघून. आभाळ पांढरं होऊ दे, घाबरू नका, रॉमध्ये ते अजून शिल्लक असतं. रॉमधला उजेड पडद्याला झेपेल असा बसवणारी फिल्मिक आणि सिग्मॉइड अशी मॉड्यूल आहेत, त्यांपैकी एकच चालू असू दे. मग टोन इक्वलायझर, कांड्यांसकट. दाणे घालवायचं मॉड्यूल सगळ्यात शेवटी. त्यातलं प्रोफाइल्ड प्रकारचं घ्या, ते तुमच्या कॅमेऱ्याच्या आणि आयएसओच्या (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याच्या) मोजमापावर चालतं, मला त्यात हात घालावा लागलेला नाही. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे ते चालू केलं की यंत्र रेंगाळतं. शेवटी चालू करायचं ते त्यासाठीही.

किती उजळवता येतं याला मर्यादा आहे. माझ्या कॅमेऱ्यात तीन स्टॉपपर्यंत फोटो छापण्याजोगा राहतो. त्यापलीकडे सावल्यांत जांभळट झाक येते आणि केसांचा गोळा होतो. म्हणून पांढरे कपडे समोर असतील तर कॅमेऱ्यावरच प्लस-मायनसच्या बटणाने एक स्टॉप वाढवून ठेवते. त्याहून जास्त नाही. अंधारातला चेहरा थोडाफार परत येतो, पण पूर्ण पांढरं जळून गेलेलं आभाळ कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, कारण तिथे परत आणण्यासारखी काही नोंदच उरलेली नसते.

आता प्रिंट. मावशीला फोटो मोबाइलवर नको होता, देवघराशेजारी लावायला हवा होता. पेठेतल्या लॅबमधून पहिली प्रिंट आली ती पुन्हा काळपट. लॅबवाले काका म्हणाले, "मॅडम, फाइलच डार्क आहे. लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल ठेवून बसता ना तुम्ही सगळे?" त्यांनी माझीच फाइल त्यांच्या मॉनिटरवर उघडून दाखवली आणि पटलं. पडदा भगभगीत असला की फोटो पुरेसा उजळ वाटतो आणि आपण हात आवरता घेतो. आता मी ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास ठेवते आणि डार्कटेबलमध्ये कंट्रोल-बी दाबते. फोटोभोवती पांढरी चौकट आणि बाहेर करडी पार्श्वभूमी येते. कागद पांढरा असताना चेहरा कसा दिसेल ते तिथेच कळतं. दुसरी प्रिंट पहिल्या फटक्यात बरोबर आली, आणि काकांनी तिचे पैसे घेतले नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवते.

घ्यावं का? महिन्यातून एखाद्या संध्याकाळी चार फोटो नीट करायचे असतील, रॉ काढायची तयारी असेल आणि एक मॅन्युअल वाचायचा धीर असेल, तर डोळे झाकून घ्या. लग्नाचे हजार फोटो आठवड्यात द्यायचे असतील तर तुमचा हिशोब वेगळा, तुम्हाला वेग विकत घ्यावाच लागेल. वर्षातून साधारण दोनदा नवी आवृत्ती येते. ती टाकली की फोटोंची यादी नव्या पद्धतीची होते आणि जुनी आवृत्ती ती उघडू शकत नाही. म्हणून कामाच्या मध्ये, वारीच्या किंवा गणपतीच्या आठवड्यात, अपडेट करू नका. आधी सगळे फोटो पूर्ण करा, एक्सएमपी फाइलींसकट दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि मगच नवी आवृत्ती टाका.