कॅनिक्रॉसचा तीन नगांचा संच: पट्टा घ्या, दोर चालेल, हार्नेस मात्र वेगळा बघा

कुत्र्याला घेऊन पळणं आणि कॅनिक्रॉस यांत फरक एकच, पण मोठा: कॅनिक्रॉसमध्ये कुत्रा पुढे असतो आणि ओढतो. साखळी हातात नसते, दोर कमरेला असतो. स्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांचा दम बर्फ नसलेल्या महिन्यांतही टिकावा म्हणून युरोपात हा प्रकार रुळला. आता स्लेड डॉग खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएफएसएस कोरड्या जमिनीवरच्या जागतिक स्पर्धांत तो स्वतंत्र प्रकार म्हणून घेते. नवशिक्यांसाठी कमरेचा पट्टा, ताण झेलणारा दोर आणि कुत्र्याचा हार्नेस, म्हणजे अंगावर चढवायचा वाद्यांचा साज, असे तीन नग एकाच पिशवीत मिळतात. अनेक कंपन्यांचे हे संच जवळपास सारखेच असतात, म्हणून इथे कुठल्या एका नावाचा नव्हे, तर त्या घडणीचा हिशेब मांडला आहे.

आधी पट्टा, कारण संचातली हीच वस्तू सहसा पैसे वसूल करते. पाठीमागे सात ते दहा सेंटिमीटर रुंद, आत जाळीचं अस्तर, दोन्ही मांड्यांतून जाणाऱ्या वाद्या आणि पुढे दोर अडकवायची सैल दोरी. कुत्रा डावीकडे वळला की दोराचं टोक या दोरीवर घरंगळत डावीकडे जातं, त्यामुळे अंग पिळवटत नाही. एकाच जागी शिवलेली पक्की कडी असलेला पट्टा असेल तर हा फायदा मिळत नाही. वळणावळणाच्या पायवाटेवर तासभर पळालं की फरक कळतो.

पट्टा कमरेला बांधायचा नसतो, इथेच बहुतेकांची गफलत होते. तो खुब्याच्या हाडांखाली, मागून नितंबांवर टेकला पाहिजे. कमरेच्या पोकळीत राहिला तर कुत्र्याच्या प्रत्येक ओढीला पाठीचा कणा पुढे वाकतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. मांड्यांच्या वाद्या टोचतात म्हणून काहीजण त्या सोडून ठेवतात. मग पाच मिनिटांत पट्टा वर सरकून बरगड्यांखाली येतो. वाद्या ठेवा आणि त्याखाली घट्ट, शिवण नसलेली पळायची चड्डी घाला. शिवण वादीखाली आली की मांडीची सालं निघालीच म्हणून समजा.

पट्ट्यावरची सुटका-कडी घरीच तपासून घ्या. दोर एखाद्या खांबाला अडकवा, मागे झुकून सगळं वजन त्यावर टाका आणि एका हाताने कडी सोडून बघा. गिर्यारोहणातला साधा कॅराबिनर अशा ताणाखाली उघडत नाही. आधी दोर ढिला करावा लागतो, आणि कुत्रा रानडुकराच्या मागे निघाला असेल तर तेवढी उसंत कोण देणार? खिळा ओढून सुटणारी किंवा बाही मागे सरकवून सुटणारी कडी ताणाखालीही सुटते. तिच्यात वाळू गेली की मात्र अडते. चिखलातून पळून आल्यावर ती पाण्याखाली धरून दहा-वीसदा उघडझाप करा. तेल लावू नका, त्याला उलट धूळ चिकटते.

दोराबद्दल फार तक्रार नाही. सैल असताना साधारण दीड मीटर आणि पूर्ण ताणल्यावर दोन मीटरच्या आसपास, हे माप योग्य. याहून लांब असेल तर गर्दीत दुसऱ्याच्या पायात जातो, आखूड असेल तर तुमच्या पावलांची टाच कुत्र्याच्या मागच्या पायांना लागते. आतल्या रबराचा कडकपणा मात्र सगळ्यांना एकच दिलेला असतो, आणि तो पंचवीस किलोच्या कुत्र्याला धरून ठरवलेला दिसतो. बारा किलोच्या कुत्र्याच्या ओढीने तो ताणलाच जात नाही, म्हणजे हिसका सरळ दोघांच्या अंगावर. पस्तीस किलोचा जोरकस गडी तोच दोर पहिल्याच झेपेत शेवटापर्यंत ताणतो, आणि शेवट आला की पुन्हा हिसका. पायाखाली एक टोक दाबून दुसरं हाताने ओढा: मध्यम जोर लावल्यावर दोर अर्ध्यापर्यंत ताणला गेला पाहिजे, तसाच ढिम्म राहता कामा नये.

कुत्र्याकडच्या टोकाचा आकडाही हातात तोलून बघा. मोठा पितळी आकडा दिसायला दणकट असतो, पण आठ-दहा किलोच्या कुत्र्याच्या पाठीवर तो दर पावलाला आपटतो. असा कुत्रा चार दिवसांत ओढायचं सोडून देतो आणि मालक म्हणतो, ‘याला आवडच नाही.’ लहान कुत्र्याला हलका ॲल्युमिनियमचा आकडा घ्या. चाकावर गुंडाळला जाणारा दोर मात्र या खेळात अजिबात नको, कितीही मजबूत असला तरी.

आता हार्नेस. संच इथे फसतो, आणि फसण्याचं कारण कापड किंवा शिलाई नसून माप आहे. बहुतेक संचांत हार्नेस छातीच्या घेरावरून लहान, मध्यम, मोठा असा निवडायला सांगतात. ओढायच्या हार्नेसचं खरं माप मानेचं असतं: गळपट्टा जिथे सैल पडून टेकेल, त्या मानेच्या बुडाचा घेर. खोल छाती आणि बारीक मान असलेल्या ग्रेहाउंडच्या धाटणीच्या कुत्र्याला छातीवरून ‘मोठा’ दिला, तर गळा ढिला राहतो, हार्नेस मागे घसरतो आणि पुढच्या वाद्या खांद्याच्या सांध्यावर येतात. जाड मानेच्या लॅब्राडोरचं उलट होतं, त्याचा गळा आवळला जातो. मान, पुढच्या पायांमागचा छातीचा घेर आणि खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, ही तीन मापं घेऊनच हार्नेस निवडावा.

दुसरा घोळ लांबीचा. काही संचांत स्लेडच्या कुत्र्यांचा, पाठीवर फुलीसारख्या वाद्या असलेला आणि शेपटीपर्यंत जाणारा हार्नेस येतो. दिसतो झकास. तो बनवलेला असतो जमिनीलगत मागे जाणाऱ्या ओढीसाठी. कॅनिक्रॉसमध्ये दोर वर चढतो. पट्ट्याची दोरी जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर आणि कुत्र्याची पाठ पंचावन्नवर धरली, तर दोन मीटरचा दोर साधारण दहा अंशांनी वर जातो. पाठ तीसवर असेल तर तोच कोन सतरा अंशांच्या पुढे. या कोनामुळे शेपटीकडची कडी वर उचलली जाते, पाठीच्या वाद्या हवेत लोंबतात आणि छातीवरचा भाग सरकून गळ्याशी येतो. कुत्रा खोकायला लागतो आणि लोक समजतात घशात काही अडकलं. कॅनिक्रॉससाठी, विशेषतः बुटक्या कुत्र्यांना, बरगड्यांच्या आतच संपणारा आखूड हार्नेस बरा. लांबच हवा असेल तर पाठीवरची वादी कमी-जास्त करून लांबी जुळवता येणारा घ्या. नॉन-स्टॉप डॉगवेअर या कंपनीचा फ्रीमोशन हार्नेस हे त्या घडणीचं ठळक उदाहरण. फुलीवाला हार्नेस सायकल किंवा पायाने ढकलायच्या स्कूटरपुढे पळणाऱ्या कुत्र्यांसाठी ठेवावा, तिथे दोर खालून येतो.

हार्नेस बसला का, हे कुत्रा उभा असताना कळत नाही. एकाने खाऊ घेऊन पुढे बसावं, दुसऱ्याने दोर कमरेच्या उंचीवर धरून मागे ताणावा, आणि कुत्रा ओढत असताना चार जागा बघाव्यात. गळ्याच्या वाद्या जिथे एकत्र येतात तो सांधा छातीच्या हाडाच्या टोकावर हवा, वर मऊ गळ्यावर नको. मानेच्या वादीखाली दोन बोटं आडवी जेमतेम जावीत. डोक्यावरून घालताना थोडी झटापट झाली तर माप बरोबर आहे असं समजा. खांद्यावरून कुठलीही आडवी पट्टी जाता कामा नये, नाहीतर पुढचा पाय पूर्ण लांब पडत नाही. फिरायला नेण्याचे, न ओढण्यासाठी केलेले हार्नेस इथेच बाद होतात. आणि पोटाकडची वादी कोपरापासून तीन-चार बोटं मागे असावी. पळून आल्यावर काखेतले केस उलटे फिरवून बघा. कातडी लालसर किंवा केस तुटलेले दिसले की माप चुकलंय, चार दिवस थांबून काही सुधारणार नाही.

संचासोबतच्या पुस्तिकेत एक गोष्ट हमखास अपुरी असते, ती म्हणजे उष्मा. कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, पंजांतल्या थोड्या ग्रंथी सोडल्या तर धापा टाकणं हाच त्याचा पंखा. हवा दमट असली की हा पंखा निकामी होतो. हाताची पाठ जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर पळणं रद्द. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन बाहेर आली, हिरड्या विटकरी झाल्या, पावलं झोकांड्या खाऊ लागली, तर तिथेच थांबा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक डॉक्टर गाठा. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना हा खेळ नाहीच. वयाचं म्हणाल तर वर्षाच्या आतल्या पिल्लाला ओढायला लावू नये, मोठ्या हाडापेराच्या जातींना दीड वर्ष थांबवावं. जेवण आणि पळणं यांत दोन तास तरी अंतर हवं.

आज्ञा शिकवताना एक भाषिक अडचण येते. ‘डावी’ आणि ‘उजवी’ यांचं शेपूट सारखंच, आणि वेगात असलेल्या कुत्र्याला शब्दाचं शेपूटच ऐकू येतं. स्लेडवाल्यांचे ‘जी’ म्हणजे उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, हे दोन आवाज म्हणूनच टिकले आहेत. घरचे शब्द हवे असतील तर हरकत नाही, फक्त स्वर वेगळे ठेवा. उतारावर कुत्र्याला मागे किंवा बाजूला बोलावणारा शब्द आधी पक्का करा. उतारावर ओढ घेतली तर गुडघे आणि घोटे दोन्ही धोक्यात.

गटाने पळायचं असेल तर एकेका जोडीला वीस-तीस सेकंदांच्या फरकाने सोडा. सगळे एकदम सुटले तर पहिल्याच वळणावर दोरांची वेणी होते. ओलांडून जाणाऱ्याने आधी हाक द्यावी. पुढच्याने दोर हातात आखूड धरून कुत्रा आपल्या कडेला घ्यावा, कारण सैल दोर पंजाखाली जातो तो नेमका अशाच वेळी. स्पर्धेत माणसाने कुत्र्याला फरफटत नेणं नियमात बसत नाही, सरावातही नको. गटाने दोन-तीन मापांचे आखूड हार्नेस सामायिक ठेवले तर नव्या माणसाला घालून बघता येतात आणि चुकीचा संच घ्यायची वेळच येत नाही.

टिकाऊपणात दोर आधी जातो. आतले रबराचे धागे एकेक करून तुटतात, बाहेरचं आवरण शाबूत दिसतं. दोर बोटांतून फिरवताना मध्येच गाठ किंवा पोकळ जागा लागली, किंवा सैल असतानाची लांबी नव्यापेक्षा वाढली, तर तो बाद. घेतल्या दिवशीच सैल लांबी मोजून पट्ट्याच्या आत पेनने लिहून ठेवा. धुताना साधं पाणी, वाळवताना सावली. आणि पळून आल्यावर हार्नेस व दोर लगेच काढून उंच खुंटीला टांगा. विश्रांती घेणाऱ्या कुत्र्याला रबरी दोर चघळून दोन तुकडे करायला पाच मिनिटं पुरतात, आणि त्यातला एक तुकडा सापडला नाही तर शोधायची जागा कुत्र्याचं पोट असते.