गोळ्यांची अ‍ॅल्युमिनियमची डबी: गिरगावात जिओकॅश लपवायला वापरली, वर्षभरानंतरचा रिव्ह्यू

आधी डबी कुठली ते सांगते. ऑनलाइन "पिल होल्डर कीचेन" टाकलं की येते ती, अ‍ॅल्युमिनियमची, करंगळीएवढी, वर कडी, आट्यांचं झाकण आणि आट्यांच्या मुळाशी काळी रबरी रिंग. मला २ डब्या १८० रुपयांना पडल्या. लोक गोळ्या ठेवायला घेतात, मी जिओकॅश लपवायला घेतली, आणि या खेळात हिला बायसन ट्यूब म्हणतात.

ज्यांना जिओकॅशिंगचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी डबी लपवतं, तिचे जीपीएस आकडे खेळाच्या साइटवर टाकतं, बाकीचे फोन घेऊन शोधत येतात, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहितात आणि डबी होती तिथंच परत ठेवतात. २ मे २००० ला अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये एक बादली अर्धी जमिनीत पुरून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, तिथून हे सगळं सुरू झालं. आता नियमाने जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणता-पुरता येत नाही. आणि गिरगावात बादली कुठे ठेवणार, इथे फुटपाथवर चहाचा ग्लास दोन मिनिटं खाली ठेवला तरी कोणाचा तरी पाय लागतो.

या डबीच्या आधी मी चुंबकवाली चावीची डबी वापरली होती, गाडीखाली चिकटवतात ती पत्र्याची, सरकत्या झाकणाची. ती ९ दिवस टिकली. कोणी नेली माहीत नाही, पण चूक माझीच होती, कारण काळीभोर चौकोनी डबी लोखंडाला चिकटवलेली दिसली की मुंबईत माणूस काय विचार करणार? रोज लोकलमध्ये बेवारस वस्तूला हात लावू नका हे ऐकून आपण मोठे झालोय, आणि या शहरात जे घडून गेलंय त्यानंतर तसं वाटणं बरोबरच आहे. माझ्या डबीपायी कोणाच्या पोटात गोळा आला असता तर मला स्वतःला माफ करता आलं नसतं. एकाने सुचवलं की सायकलचं नंबरवालं कुलूप घालून साखळीने बांध, तेही नको, कुलूप दिसलं की आत काहीतरी किमती आहे असंच वाटतं.

मग ही डबी घेतली, आणि जागाही बदलली. ठाकुरद्वारच्या बाजूला माझ्या मामाचं स्टेशनरीचं दुकान आहे (नेमकं कुठे ते सांगत नाही, शोधणाऱ्यांचा खेळ बिघडेल). जागामालकाची परवानगी हा या खेळाचा नियमच आहे, म्हणून मामाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, उद्या पोलिस आले तर मी काय सांगू?" बरोबर होतं त्याचं. मग डबीवर छोटं स्टिकर लावलं, "जिओकॅशिंग खेळाची डबी, आत फक्त कागद", आणि साइटवरच्या पानाची प्रिंट मामाच्या गल्ल्याच्या खणात ठेवली, कोणी विचारलंच तर दाखवायला. त्यानंतर हो म्हणाला.

खोताच्या वाडीत लपवायचा मोह खूप झाला होता, लाकडी गॅलऱ्यांची ती घरं बाहेरून येणाऱ्याने बघावीत असं मनापासून वाटतं, पण तिथे लोक राहतात, कोणाच्या खिडकीखाली अनोळखी माणसं वाकून चाचपत बसणार हे मला पटेना. पानावर लिहून ठेवलंय की डबी सापडली की वाडीतून एक चक्कर मारा, फोटो काढायच्या आधी विचारा.

आता डबीबद्दल. चांगलं म्हणजे आकार. गर्दीत डबी काढून, सही करून, परत ठेवायला एक मिनिटसुद्धा मिळत नाही, आणि ही मुठीत पूर्ण मावते, हातात किल्ली आहे असंच वाटतं. बाहेरची चकचकीत चांदी मात्र चालणार नाही, लांबून चमकते. मी आधी पॉलिश पेपर मारला, मग ग्रीलला लावतात तो रेड ऑक्साइड दोन हात दिला आणि ओला असतानाच वर जराशी धूळ चोळली. आता ती आजूबाजूच्या जुन्या लोखंडाचाच तुकडा वाटते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे बाइंडिंगच्या तारेचा आकडा करून कडीतून टांगलीये, काढायला सोपी आणि वाऱ्याने हलत नाही.

वाईट म्हणजे रबरी रिंग. एका डबीत ती नीट बसलेली होती, दुसऱ्या डबीत चक्क नव्हतीच, विकणाऱ्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. शेवटी प्लंबिंग सामानाच्या दुकानात डबी घेऊन गेले आणि मापाची रिंग ५ रुपयांना मिळाली. रिंग असेल तरी सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, आट्यांनाही लावा, कारण समुद्राची हवा इतकी जवळ आहे की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि झाकण जाम होतं, आणि मग शोधायला आलेला माणूस जोर लावतो आणि आटे जातात. पहिल्या पावसात माझा साधा कागद भिजून लगदा झाला, पिन घालून ओढून काढावा लागला, त्यात चार जणांच्या सह्या गेल्या याचं अजून वाईट वाटतं. आता न भिजणारा कागद कापून घालते, दीड सेंटिमीटर रुंद पट्टी, घट्ट गुंडाळी. पेन आत मावत नाही, स्वतःचं आणावं लागतं.

जागेचे आकडे घेतानाही खूप वेळ गेला. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली चाळी, मध्ये चिंचोळी गल्ली, सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभं करतो. मी तीन वेगवेगळ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर बारा रीडिंग घेतली आणि सरासरी टाकली. त्यातही दोन जिओकॅशमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, ते आधी बघून घ्या, नाहीतर साइटवर डब्या तपासणारा रिव्ह्यूअर परत पाठवतो.

पण डबी वर्षभर टिकली ती रंगामुळे नाही, मामामुळे टिकली असं मी ठामपणे म्हणेन. इतक्या गर्दीत कोणी बघणार नाही अशी जागाच नसते, कोणीतरी बघतंच, मग ते बघणारं माणूस आपलं असलेलं बरं. मी एकदा दुकानात बसले होते तेव्हा एक मुलगा आणि मुलगी आले, संध्याकाळचे सात, ऑफिस सुटलेली सगळी गर्दी. मुलाने रिफिल मागितली, मामा मुद्दाम दोन-तीन डबे उघडून बघत राहिला, तेवढ्यात मुलीने छत्री उघडल्यासारखं केलं आणि छत्रीआड हात वर. सुट्टे पैसे परत देताना मामाने हळूच विचारलं, "मिळालं का?" ती इतकी खुलून हसली! असं करत मामाला या खेळाचे शब्दसुद्धा यायला लागलेत, खेळ माहीत नसलेल्या बाकीच्या लोकांना तो आता बिनधास्त मगल म्हणतो.

गणपतीत मात्र डबी काढून घरी आणते आणि पानावर तात्पुरतं बंद करून ठेवते. मांडवाचे बांबू, विसर्जनाला चौपाटीकडे जाणारी माणसं, पोलिस बंदोबस्त, त्या दिवसांत कोणी भिंती चाचपत फिरू नये.

डबीला ५ पैकी ४ स्टार, एक रिंगेसाठी कापला. पुण्यात, ठाण्यात कोणी लावणार असेल तर दोनाच्या पॅकमधली दुसरी डबी रंगवून तयार ठेवा, पहिली गेली तर त्याच दिवशी बदलता येते. परवा मामाचा फोन आला, कागद भरत आलाय म्हणाला, रविवारी नवीन पट्टी आणि नवीन रिंग घेऊन जातेय.