युरोपीय मोटरसायकल आणि घरचे पाने : केळापूर तालुक्यातून एक परीक्षण

युरोपीय नावाची, पण भारतातच तयार झालेली, एका सिलिंडरची आणि रेडिएटर असलेली मोटरसायकल खेड्यात ठेवून तिची देखभाल स्वतः करता येते का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. ती किती पळते आणि वळणावर कशी झुकते यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि त्यातले बहुतेक खरेही आहे. फक्त त्या लिहिणाऱ्यांना सेवाकेंद्र त्यांच्या शहरातच सापडते. आमच्या केळापूर तालुक्यातून माझ्या गाडीचे अधिकृत सेवाकेंद्र नागपूरला, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे सकाळी गाडी सोडली की संध्याकाळपर्यंत शहरात वेळ काढावा लागतो, आणि एखादा भाग उद्या येईल असे सांगण्यात आले तर मुक्कामाची सोयही पाहावी लागते. म्हणून ऑइल, फिल्टर, चेन आणि ब्रेक ही कामे घरच्या ओसरीवरच करायची असे ठरवून मी गाडी घेतली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

युरोपची गाडी नाजूक असते आणि ती आपल्या मिस्त्रीला जमत नाही, हा समज इतिहासाला धरून नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीचे उत्पादन म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ मध्ये सुरू झाले, पुढे ती येझदी या नावाने विकली गेली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडल्यावरही अनेक वर्षे रस्त्यावर राहिली. तिची किक आणि गिअरची दांडी एकच होती, इंजिन टू-स्ट्रोक होते, आणि ती बंद पडली तर पॉइंट पॉलिश पेपरने घासणे, प्लग साफ करणे किंवा कार्बोरेटरचा जेट फुंकून बसवणे यापैकी एका उपायाने बहुधा सुरू होई. हे सारे झाडाखाली बसून, चार पाने, एक पक्कड आणि एक पेचकस यांवर होत असे. ती गाडीही युरोपीयच होती.

आजच्या गाड्यांविषयी परदेशी भाग परवडत नाहीत ही जुनी तक्रारसुद्धा बरीच बोथट झाली आहे. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, टीव्हीएस आणि बीएमडब्ल्यू यांचा करार २०१३ मध्ये झाला, आणि ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या २०२३ मध्ये बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट यांच्या किमती शंभर सीसीच्या गाडीपेक्षा अर्थातच चढ्या आहेत, पण डोळे पांढरे करणाऱ्या नाहीत. (डुकाटीच्या डेस्मो इंजिनासारखे प्रकरण, ज्यात व्हॉल्व्ह बंद करण्यासाठीही स्प्रिंगऐवजी स्वतंत्र रॉकर असतो, ते ओसरीवरच्या माणसाने लांबूनच पाहावे; त्याचा येथे विचार नाही.) त्रास निराळ्या ठिकाणी आहे.

तो पहिल्याच संध्याकाळी हत्यारांपासून सुरू होतो. सीटखाली मिळणारी हत्यारांची पिशवी म्हणजे वाकड्या पत्र्याचे दोन पाने आणि एक एलन की; तिच्या भरवशावर आरसासुद्धा नीट बसत नाही. गाडीवरचे निम्मे बोल्ट टॉर्क्सचे, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे आहेत. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात एलन कीचा संच मिळतो, टॉर्क्सचा मिळत नाही. मिळालाच तर मोबाइल दुरुस्तीचा, बोटाएवढ्या पेचकसांचा मिळतो. चांदणीच्या खाचेत जवळच्या मापाची एलन की ठोकून बसवणे हा आमच्याकडचा सर्रास उपाय आहे आणि त्याने खाच गोल होऊन बोल्ट कायमचा अडकतो. टॉर्क्सच्या गोट्यांचा (सॉकेटचा) बऱ्या पोलादाचा संच ऑनलाइन मागवावा. गाडी घरी येण्याआधी तो येऊन पडलेला असावा. मागच्या चाकाच्या आसाचा नट मात्र इतका मोठा आहे की त्याचे माप मोटरसायकलच्या मिस्त्रीकडे नसतेच. ते ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडे असते, आणि तो पाना आनंदाने देतो, कारण त्यालाही गाडी जवळून पाहायची असते. हा नट शंभराच्या आसपास न्यूटन मीटरला कसावा लागतो, त्यामुळे टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने कसले ते मोजणारा पाना, ही येथे चैनीची वस्तू नाही.

ऑइल बदलणे हे वास्तविक कोणत्याही गाडीवरचे सर्वांत सोपे काम. येथे त्यासाठी आधी इंजिनाखालचे संरक्षक कवच काढावे लागते, त्याच्या बोल्टांना चिखल बसून ते गंजलेले असतात, आणि मग खाली ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसलेला ड्रेन बोल्ट दिसतो. ॲल्युमिनियमचे आटे नरम असतात. लोखंडी इंजिनाच्या सवयीने दोन हातांनी ताकद लावली की ते निघून येतात आणि मग लेथवाल्याला शोधत यवतमाळ गाठावे लागते. बोल्टाखालचा मऊ वायसर दर वेळी नवा लागतो. तो किरकोळ किमतीचा असतो, पण सुटा एकच मागवला तर वाहतूक वायसरपेक्षा महाग पडते. ऑइलचेही तसेच. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्यामुळे डब्यावर जासो एमए-२ हे मानक लिहिलेले पाहिजे. घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले मोटारगाडीचे ऑइल ओतले तर क्लच घसरू लागतो. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे सिंथेटिक ऑइल पांढरकवड्यात, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, मागणीवरून मिळते, आयत्या वेळी मिळत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र हवा आणि रेडिएटर घेतात, आणि आमच्या प्रदेशाचा विचार कोणत्याही आराखडाकाराने केला नव्हता हे तेथेच कळते. पावसाळा संपला की पांदण रस्त्यांवर पिठासारखी धूळ उठते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना, बाभळींच्या काट्यांवर, सगळीकडे कापूस लोंबू लागतो. त्यातले तंतू रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये जाऊन बसतात, त्यावर धूळ थापली जाते, आणि काही आठवड्यांत रेडिएटरवर जणू नमद्याचा तुकडा चिकटवल्यासारखा थर तयार होतो. पंखा सतत फिरू लागला आणि तापमानाची पट्टी सपाट रस्त्यावरही वर सरकू लागली, की कारण बहुधा हेच असते. धुलाई केंद्रातल्या जोरदार फवाऱ्याने तो थर निघतो, पण त्याबरोबर पातीही वाकून मिटतात. मऊ ब्रश आणि साध्या नळीचे पाणी, तेही इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी समोरची जाळी व दोन्ही बाजूंची प्लास्टिकची आवरणे काढावी लागतात. ही आवरणे ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसवलेली असतात त्या मे महिन्याच्या उन्हात ठिसूळ होतात आणि काढताना तुटतात. रेडिएटरमधले थंडाव्याचे द्रव, म्हणजे कूलंट, कमी झाले म्हणून त्यात बोअरचे पाणी घालू नये. आमच्याकडचे पाणी क्षारांचे आहे, आणि भांड्यांवर जो पांढरा थर बसतो तोच आतल्या वाटांमध्ये बसतो.

एअर फिल्टरही कागदी आहे, धुता येत नाही. पुस्तिकेत तो बदलण्याचे जे अंतर दिले आहे ते डांबरी रस्त्यासाठी ठीक असेल. येथे त्याच्या निम्म्यावर तो काळा पडतो. शंभर सीसीच्या गाडीत बाजूचे झाकण उघडले की फिल्टर हातात येतो. येथे काही गाड्यांत सीट आणि काही गाड्यांत टाकीच काढावी लागते, आणि टाकीखाली पेट्रोलची नळी ज्या झटपट जोडणीने बसवलेली असते ती सोडवताना धारेने पेट्रोल अंगावर येते, कारण नळीत पंपाचा दाब शिल्लक असतो. ही गोष्ट मालकाच्या पुस्तिकेत कोठेही नाही. त्या पुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक कामापुढे एकच वाक्य आहे, की हे काम अधिकृत सेवाकेंद्राकडून करून घ्यावे.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. काळ्या जमिनीचा चिखल पुढच्या चाकाला लागून मडगार्डमध्ये ठासत जातो आणि शेवटी चाक फिरायचे थांबते. येथील शेतकरी म्हणूनच मृगात पुढचे मडगार्ड काढून ठेवतात. या गाडीवर मडगार्डच्या बोल्टांनाच ब्रेकची नळी आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर अडकवलेली असल्याने ते सरळ काढता येत नाही. दुसरी जागा साइड स्टँडच्या स्विचची. तेथे चिखल वाळला की गाडीला स्टँड खालीच आहे असे वाटते, आणि गिअर टाकताच इंजिन बंद पडते. नवख्या माणसाला यात मोठा बिघाड वाटतो, पण तांब्याभर पाणी, जुना टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा यांनी तो दूर होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो पिकअप भाड्याने करून गाडी नागपूरला नेतो.

येथवरच्या अडचणी चिकाटीने सुटतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या अडचणींना चिकाटी पुरत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे मानक लागू झाल्यावर कार्बोरेटर बहुतेक हद्दपार झाला. त्याच्या वर्षभर आधीपासून सव्वाशे सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले होते. दोन्ही निर्णय योग्यच आहेत आणि एबीएसने ओल्या डांबरावर माझी गाडी सांभाळलेली आहे. पण ऑइल स्वतः बदलल्यावर सर्व्हिसची सूचना पडद्यावरून घालवायची तर काही कंपन्यांच्या गाड्यांना डीलरचेच यंत्र लागते. ब्रेकचे द्रव दोन वर्षांनी बदलणे घरी जमते, परंतु एबीएसच्या पंपात हवा शिरली तर ती काढण्यासाठी पंप यंत्रानेच चालवावा लागतो. गावातल्या मिस्त्रीने, ज्याच्या हाताखालून तालुक्यातल्या निम्म्या गाड्या गेल्या आहेत, इंजिनाचा पिवळा दिवा पाहून हात पुसले आणि म्हटले, ‘‘सर, याले पाना नाही, लॅपटॉप लागते.’’ बाजारात मिळणारी ब्लूटूथची छोटी उपकरणे बिघाडाचा संकेतांक वाचतात आणि पुसतात, तेवढ्यासाठी ती घ्यावीत. दिवा पुसला म्हणजे दोष गेला असे मात्र नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहन हे क्षेत्रही घेतले. उद्देश असा की दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि हमीच्या अटी ग्राहकाला एका ठिकाणी सापडाव्यात. पण संपूर्ण वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंगचा नकाशा आणि डीलरचे सॉफ्टवेअर सामान्य मालकाच्या हाती आले तरच त्याचा उपयोग ओसरीपर्यंत पोहोचेल. सुट्या भागांपुरती स्थिती बरी आहे: भागाचा क्रमांक आकृतीवरून शोधून दुकानाला कळवला की पार्सल नागपूरहून येणाऱ्या बसमध्ये ठेवले जाते आणि पांढरकवड्याच्या थांब्यावर उतरवून घेता येते. क्रमांकातला शेवटचा अंक तपासून घ्यावा, कारण त्याच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षी बनलेल्या गाड्यांत भाग वेगळा असू शकतो आणि दुकानदार उघडलेले पाकीट परत घेत नाही.

हे सगळे लिहूनही गाडीविषयी माझे मत वाईट नाही. बोल्ट आणि प्लास्टिक काढताना जो राग येतो तो इंजिन उघडे दिसल्यावर कमी होतो. वायरींना जागच्या जागी क्लिपा आहेत, प्रत्येक कपलरला रबरी कड आहे, चेनच्या ताणासाठी दोन्ही बाजूंना नेमक्या खुणा आहेत, आणि एकदा नीट कसलेली गोष्ट सैल होत नाही. ब्रेक पॅड बदलणे तर शंभर सीसीच्या गाडीच्या ड्रम ब्रेकपेक्षा सोपे आहे. यांत्रिक बांधणीला मी पाचपैकी चार गुण देईन आणि मालकाला दिलेल्या माहितीला एक, तोही पुस्तिकेचा कागद चांगला आहे म्हणून. व्हॉल्व्हची फट तपासण्याचे काम मी घरी करीत नाही. फिलर गेजने फट मोजता येते, पण ती चुकीची निघाली तर मिलिमीटरच्या शतांशात मोजलेली शिम, म्हणजे पातळ चकती, बसवावी लागते, आणि त्या मापाची शिम नागपूरलाच मिळते. मग इंजिन उघडे ठेवून बसची वाट पाहण्यात अर्थ नाही.

घ्यावी की नाही, असे गावातली तरुण मुले विचारतात. हप्त्याबरोबर टॉर्क्सचा संच, टॉर्क रेंच, मागचे चाक उचलणारा पॅडॉक स्टँड आणि दोन एअर फिल्टर यांचे पैसे बाजूला काढता येत असतील, आणि घरी शंभर सीसीची दुसरी गाडी उभी असेल, तर घ्यावी. शेत, बाजार आणि दवाखाना या तिन्हींसाठी घरात एकच गाडी असेल, तर एका क्लिपेसाठी किंवा एका सेन्सरसाठी ती आठवडाभर ओसरीवर उभी राहणे परवडणारे नाही.