‘कीड न लागणारा’ साग: टिश्यू कल्चर रोपांचा अनुभव

खानापूर तालुक्यातील एका रोपवाटिकेतून आम्ही माळाच्या तुकड्यात लावण्यासाठी टिश्यू कल्चर सागाची रोपे घेतली. ‘जनुकीय बदल केलेली, कीड न लागणारी, दहा-बारा वर्षांत तोडणीला येणारी’ अशी त्यांची ओळख विक्रेत्याने करून दिली होती आणि साध्या सागजडीच्या (मूळ-खोड छाटून केलेल्या नेहमीच्या रोपाच्या) कितीतरी पट दर त्यासाठीच आकारला होता. आता झाडे डोक्यावर गेली असल्याने त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

रोप म्हणून माल उत्तम आहे. पिशवीतील मुळे तळाशी गुंडाळलेली नव्हती, पहिला पाऊस मुरल्यावर केलेल्या लागवडीत मर अगदी थोडी झाली आणि खोडे सरळ, एकसारख्या उंचीची वाढली. हा एकसारखेपणा साहजिक आहे, कारण निवडक सरस झाडाच्या ऊतींपासून त्याच गुणांची रोपे या पद्धतीत तयार होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सागावर हे तंत्र १९८०च्या दशकातच साध्य केले होते. मात्र मूळ झाडात जो गुण नाही, तो अशा रोपात कोठून येणार?

भाद्रपदात पाने पाहिली तेव्हा याचे उत्तर मिळाले. पान उजेडात धरल्यावर हिरवा गर नाहीसा होऊन शिरांची तपकिरी जाळी तेवढी दिसत होती आणि खालच्या बाजूस बारीक धाग्यांच्या आडोशाला अळी बसलेली होती. बांधावरच्या जुन्या सागाचीही तीच अवस्था होती. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारी, अख्खे पान फस्त करणारी अळी याहून वेगळी, आणि तिचे नुकसान अधिक मोठे: केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात कोवळ्या सागवनांची सुमारे ४४ टक्के वाढ तिच्यामुळे बुडाल्याचे आढळले होते. म्हणूनच कीडरोधक साग खरोखर मिळाला, तर आमच्या भागातील शेतकरी त्याचे मनापासून स्वागत करील.

तसे काम जगात झालेले आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळीमारक जिवाणूचे जनुक घातलेल्या पॉप्लरच्या झाडाला चीनने २००२ मध्ये व्यापारी लागवडीची परवानगी दिली, तर अधिक वेगाने वाढणाऱ्या जनुकबदलित निलगिरीला ब्राझीलने २०१५ मध्ये मान्यता दिली. कागदासाठी लगदा करणे सोपे व्हावे म्हणून लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे द्रव्य कमी करण्याचे किंवा त्याची घडण बदलण्याचे प्रयोगही पॉप्लरवर झाले आहेत. आपल्याकडे अशा वाणाला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मंजुरी लागते आणि सागाच्या कोणत्याही जनुकबदलित वाणाला ती मिळालेली नाही. जनुकबदलित रबराच्या झाडाची चाचणी आसामात २०२१ मध्ये सुरू झाली, पण तीही चाचणीच.

तोडणीच्या मुदतीवरही माझा विश्वास नाही. वखारीत सागाचा भाव गाभ्यावर ठरतो; वाळवीला दाद न देणारी द्रव्ये गाभ्यातच साठतात आणि कोवळ्या झाडात कडेचे पांढरे लाकूडच जास्त असते.

पावतीवर ‘जनुकीय बदल केलेले’ असे लिहून मागितले, तेव्हा विक्रेत्याने ‘टिश्यू कल्चर साग’ एवढेच लिहून दिले. सरळ खोडासाठी थोडा जादा दर देऊन ही रोपे मी पुन्हा घेईन. कीडरोधाच्या नावाखाली मागितलेला दर मात्र देणार नाही.