दहावी कुठून: शाळेतूनच सवलती घेऊन, की एनआयओएस?

एलडीचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अध्ययन अक्षमतेचं, सर्टिफिकेट हातात पडलं की चार दिवस घरात कुणी फारसं बोलत नाही, आणि पाचव्या दिवशी जेवताना हाच विषय निघतो: दहावी शाळेतूनच द्यायची, की एनआयओएस, म्हणजे घरून अभ्यास करून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. आम्ही मुलाच्या नववीच्या तोंडावर इथे पोचलो. डिस्लेक्सिया म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांचं ते वाचून झालेलं असतं.

राज्य मंडळ कंजूष आहे असं मुळीच नाही. पेपरला तासामागे २० मिनिटं जादा, शुद्धलेखनाच्या चुका माफ, लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीच्या पातळीचं गणित. (पुढे सायन्सचा विचार असेल तर ही शेवटची सवलत घेण्याआधी दोनदा विचार करा.) २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे सवलत ही आता शाळेची मेहेरबानी राहिलेली नाही. मागायला गेलं की मात्र अजून तशीच मिळते.

एनआयओएसचा हिशेबच वेगळा. विषय पाच, त्यात भाषा एक किंवा फार तर दोन. गणित हवं तर घ्या. आमच्याकडे मराठी, इंग्रजी, गृहविज्ञान, चित्रकला आणि डेटा एंट्री असं ताट वाढलं. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. तिसरा पर्याय म्हणून शेजारीपाजारी सतरा नंबरच्या फॉर्मचं, म्हणजे राज्य मंडळाच्याच दहावीला खाजगीरीत्या बसण्याचं, नाव काढतात. त्यात शाळेत रोज जायचं टळतं, पण पेपर तोच, परीक्षाही तीच. आमची अडचण शाळेत जाण्याची नव्हतीच.

आमची अडचण होती लेखनिक.

ऐकायला ही सवलत सगळ्यात मोठी वाटते. मूल बोलणार, दुसरा लिहिणार, अजून काय पाहिजे? पण लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, आणि तो शोधायचा असतो आपणच. म्हणजे नववीतल्या कुणाच्या तरी आईला फोन करायचा, आधी इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग मुद्द्यावर यायचं. त्या मुलाच्याही परीक्षा असतात, क्लास असतात, सर्दीताप असतो. एका चाचणीला तर सकाळी साडेसात वाजता निरोप आला की तो येणार नाही. मी ऑफिसचा डबा हातात घेऊन बिल्डिंगमधल्या तीन घरांच्या बेल वाजवल्या.

तेही चालवून घेतलं असतं. खरी गोम सहामाहीला कळली. मुलाला आणि त्याच्या लेखनिकाला प्रयोगशाळेत वेगळं बसवलं होतं. घरी आल्यावर मी प्रश्नपत्रिका घेऊन बसलो आणि एकेक प्रश्न विचारत गेलो, तर पोराला बरंचसं येत होतं. मग उत्तरपत्रिकेत चूक कशी? म्हणाला, "बाबा, मी सांगितलं होतं बरोबर. पण त्याचं तोंड असं झालं, मग मी बदललं."

लेखनिक हुशार मुलगा होता, वाईट अजिबात नव्हता. वाक्य अडखळलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची, एवढंच. पण आमचा मुलगा पहिलीपासून समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्याच वाचत आलाय. अक्षरांपेक्षा त्या त्याला लवकर वाचता येतात.

लेखनिक एनआयओएसलाही मिळतो, हे कबूल. पण ऑक्टोबरला दोनच विषय आणि उरलेले तीन एप्रिलला म्हटल्यावर मुलगा म्हणाला, मीच लिहितो. जादा वेळ तिथेही आहेच. पहिल्या पेपरहून आला तेव्हा मधल्या बोटावर पेनाचा खड्डा पडला होता, तो आजीला दाखवत फिरत होता. मार्क राज्य मंडळापेक्षा जास्त पडले की कमी, ते मी सांगू शकत नाही. मुलगा एकच, आणि त्याने दहावी एकदाच दिली.

आता दुसरी बाजू. एनआयओएसला सकाळ मोकळी पडते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाची मोकळी सकाळ घराला फार जड जाते. आठवड्यातले काही तास अभ्यासकेंद्रावरचे संपर्कवर्ग सोडले तर बाकी वेळापत्रक आपणच आखायचं. स्पेशल एज्युकेटरची फी बोर्डाच्या फीच्या कितीतरी पट होते. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट. त्यांना २० टक्के वजन आहे, आणि शेवटच्या आठवड्यात आख्खं घर त्यांच्यामागे लागतं. लग्नकार्यात "कुठल्या शाळेत?" याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. अकरावीच्या प्रवेशाला एका क्लार्कने मार्कशीट उलटसुलट करून पाहिली. मान्यता पक्की आहे, प्रवेशही झाला, पण ती दहा मिनिटं लक्षात राहिली. आणि मित्र तुटतात. आमच्या मुलाचे दोघेच टिकले.

त्यामुळे शाळेत रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांना वेगळी मदत मिळण्याची खोली, नावापुरती नसेल, एखाद्या बाई मुलाला मनापासून धरून असतील, मूल लिहायला संथ पण वर्गात रमणारं असेल, तर मी त्याला उठवणार नाही. आमची मुलीसारखी भाची तशीच शाळेतून पास झाली, लेखनिकाशिवाय, फक्त जादा वेळावर. पण सगळा डोलारा लेखनिकावर उभा राहणार असेल, तर मी तरी एनआयओएसकडेच बोट दाखवीन.

ठरलंच तर फॉर्म भरतानाच दिव्यांग म्हणून नोंद करा आणि सर्टिफिकेट तेव्हाच जोडा. ते सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचं हवं. खाजगी क्लिनिकचा रिपोर्ट कितीही जाडजूड असला तरी आमचा पहिल्याच टेबलावरून परत आला होता, आणि सरकारी तारीख मिळायला महिने गेले. नंबर आठवीतच लावून ठेवा.