गायरानाला कायमची बंदी की पाळीची चराई?

गायरान मोकाट सोडायचं नाही, इथपर्यंत गावाचं एकमत झालं की पुढचा प्रश्न येतोच. कायमची चराईबंदी करून गवत फक्त विळ्यानं कापून न्यायचं, की माळाचे भाग पाडून पाळीपाळीनं जनावरं सोडायची? आमच्या गावानं दोन्ही करून पाहिलं आणि दोन्ही वेळा मी समितीत होतो. गाव माणदेशातलं. म्हणजे पाऊस जेमतेम, माळ भरपूर आणि शेळ्यामेंढ्यांवर चूल पेटणारी घरं बरीच. तुमच्याकडं पाऊस बरा असेल आणि गावात मेंढपाळ नसतील, तर माझं म्हणणं तेवढं कमी धरून वाचा.

आधी सातबारा बघून घ्या. माळ गायरान असेल तर ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे; वनखात्याचा असेल तर नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि फिरस्त्या पशुपालकांच्या हंगामी वाटेचा हक्क धरलेला आहे, पण तो दावा करून मंजूर करून घ्यावा लागतो. ते प्रकरण वेगळं, इथं त्यात शिरत नाही.

बंदीच्या बाजूनं बोलायचं तर उदाहरणं घरचीच आहेत. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार. आदर्श गाव योजनेच्या सूत्रांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जोडीनंच येतात, आणि त्या गावांचे डोंगर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाशी वाद घालायला तोंड उरत नाही. समतल चर खणलेत, नवी रोपं लावलीत, तर पहिली काही वर्षं बंदीला पर्यायच नाही. शेळीनं शेंडा खुडलेलं रोप परत उभं राहत नाही, ही गोष्ट आम्हीही मान्य करूनच सुरुवात केली होती.

बंदीचा दुसरा गुण कुणी फारसा बोलून दाखवत नाही, पण मला तो मोठा वाटतो: नियम सोपा असतो. आत जनावर दिसलं की चूक, बास. राखण्याला विचार करावा लागत नाही, समितीला मिटिंग घ्यावी लागत नाही. पाळीच्या चराईत हे सुख नाही. आज कुठला पट्टा उघडा, हद्दीचा दगड कुठला, ‘माझी बकरी नुसती वाट ओलांडत होती’ अशी दर आठवड्याला एक तरी सुनावणी असते. भांडणं नको असतील आणि गावात एकदिलानं राखण करणारी माणसं कमी असतील, तर बंदीच बरी, हे मी अगदी मनापासून सांगतो.

गवताचंही तसंच. ओरबाडलेल्या माळाला विश्रांती दिली की आधी कुसळी, म्हणजे टोचऱ्या बियांचं गवत, दाट होते, मग सावकाश पवन्या आणि मारवेल ही चांगल्या चाऱ्याची गवतं डोकं वर काढतात. बंदी पुरेशी लांब चालली तर माळ सुधारतो, यात शंका नाही. अडचण मधल्या वर्षांची आहे, आणि माझं मत फिरवलं ते याच मधल्या कुसळीनं.

बंदीत गवत कधी कापतात? बी पडून गेल्यावर, साधारण दिवाळीच्या मागंपुढं. शास्त्राला धरून हे योग्यच, कारण बी पडलं तरच पुढल्या वर्षी माळ दाट होणार. पण कुसळी बी धरेपर्यंत थांबलात की हातात वैरण येत नाही, सुया येतात. पाऊस असताना कोवळी कुसळी जनावरं आवडीनं खातात. तीच फुलोऱ्यावर गेली की काडी कडक होते आणि प्रत्येक बियाला टोकाशी काटा आणि मागं लांब काळपट शेपूट येते. शेपटीला ओल लागली की ती पीळ सोडते आणि बी गोल फिरत आत घुसतं. जमिनीत रुजायची ती त्याची युक्ती आहे. मेंढीच्या पाठीवर दव पडलं तरी ते तेच करतं.

बंदीच्या काळात मी भाऱ्यानं गवत आणायचो. खिलार बैल बरा म्हणायचा, तोंड वाकडं करून का होईना खायचा. शेळ्या दावणीतल्या भाऱ्याला नाक लावून मागं सरायच्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. हिरड्यांत अडकलेली कुसळं मी चिमट्यानं काढलीत. शेजाऱ्याच्या मेंढ्यांना माळावर पाय ठेवायचीच बंदी होती, पण माळाकडेच्या वाटेनं नुसतं ये-जा करून पोटाखालची लोकर कुसळांनी अशी भरायची की कातरणारा कात्री खाली ठेवायचा. लोकर बाजूला सारून बघितलं तर कातडीवर बारीक लाल ठिपके, आणि ठिपक्याच्या मधोमध मोडलेलं टोक. जनावर चरायचं सोडून अंग घासत उभं. धोतराच्या सोग्यात, मोज्यात, अंथरुणात कुसळ सापडायचं ते वेगळंच. दिवाळीला घरी आलेल्या पाहुण्यांनी या विषयावर केलेली भाषणं इथं देत नाही.

हे वाचून एखादा म्हणेल, मग आधीच कापा. कापता येतं, पण श्रावणात कुणाच्या हाताला वेळ आहे? शेतातली भांगलण तेव्हाच असते, आणि ओलं गवत वाळवायला ऊन नसतं. शिवाय कापून नेण्याची सोय मुळात ज्यांच्याकडं गोठा, गंजी आणि घरात मोकळी माणसं आहेत त्यांची. बंदीनं चांगलं झालेल्या गावांत मोकाट जनावर जाऊन दारात दुभतं आलं, दूध वाढलं, हे खरं आहे. पण त्या बदलाला हिरवा चारा लागतो, म्हणजे विहीर लागते, म्हणजे जमीन लागते. जिच्याकडं चार शेळ्याच आहेत अशा बाईनं काय करायचं, याचं उत्तर आमच्या ठरावात नव्हतं. तिनं शेळ्या विकल्या किंवा रात्री सोडल्या. राखण्याचे अर्धे तंटे रात्रीचेच असायचे.

मेंढपाळांचं तर त्याहून अवघड. आमच्याकडची मेंढरं दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात, कुणी कृष्णाकाठाला, कुणी घाट उतरून कोकणात. लोकांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. म्हणजे गावात असतात ते नेमके पावसाळ्याचे महिने, जेव्हा शेतं पिकाखाली असतात आणि मेंढराला उभं राहायला माळाखेरीज जागाच नसते. सरकारलाही हे कळलेलं आहे. मेंढपाळांसाठीच्या महामेष योजनेतलं चराई अनुदान जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांसाठी आहे, महिना 6,000 रुपये. अनुदान मिळालं तर चांगलंच, पण त्या पैशात विकत घ्यायला चारा तरी कुठून आणायचा? कायमची बंदी करणारं गाव याच चार महिन्यांचं दार लावतं, आणि दिवाळीनंतर गवत कापायला उघडतं तेव्हा मेंढका दोनशे किलोमीटरवर असतो.

पाळीची पद्धत आम्ही जी बसवली ती अशी. माळाचे ओढ्या-पाणंदीच्या हद्दी धरून चार पट्टे. पहिला पाऊस पडल्या पडल्या कुणीच सोडायचं नाही. बेंदूर, म्हणजे आषाढातला बैलांचा सण, होईपर्यंत सगळं बंद. त्या वेळी गवताचं मूळ अजून कच्चं असतं, खुरानं उपटून येतं. बेंदराच्या आसपास गवत वीतभर झालं की एक पट्टा उघडायचा, चार बोटं उरलं की दुसऱ्यावर जायचं. चारातला एक पट्टा वर्षभर बंदच, बी पडेपर्यंत, आणि पुढल्या वर्षी बंदीची पाळी दुसऱ्या पट्ट्याची. बंद पट्टा दिवाळीनंतर कापायला देतात. तिथं कुसळ असतंच, नाही असं नाही, पण ते चौथ्या हिश्श्यात असतं आणि तिकडं मेंढरू जात नाही. उरलेल्या तीन पट्ट्यांत कुसळी कोवळी असतानाच पोटात जाते, तुरे येतात ते तुरळक. वणव्याचं भयही कमी झालं असं मला वाटतं. बंदीच्या वर्षांत उन्हाळ्यात कमरेएवढं वाळकं गवत उभं असायचं आणि एका बिडीची धास्ती असायची.

याला खर्च आहे. राखण्या दोन्हीकडं लागतोच, पण इथं तो शहाणा लागतो. बोटांनी गवत मोजून ‘आता उठवा’ म्हणणारा आणि पाटलाच्या म्हशीलाही तेच सांगणारा. आमच्याकडं एक म्हातारे मेंढके मिळाले म्हणून निभावलं. पाऊस ताणला त्या वर्षी पाळी कोलमडली, हेही सांगायला हवं. पट्टे भराभर संपले आणि बंद पट्टा उघडा म्हणून दबाव आला. आम्ही उघडला नाही, पण आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. जनावरं माळाच्या आवाक्याबाहेर असतील तर पाळी लावूनही माळ वाचत नाही; घरटी किती जनावरं सोडायची याची मर्यादा ठरावात लिहा. नाहीतर सगळा खटाटोप कागदावर.

झाडं हवी असतील, पाणलोटाचं काम नुकतंच झालं असेल, तर काही वर्षं बंदी करा आणि ती किती वर्षांची ते आधीच लिहा. बाकी आमच्यासारखा गवताळ माळ आणि लहान जनावरांचं गाव असेल, तर मी पाळीकडं झुकतो. आणखी एक कारण सांगून ठेवतो, पटलं तर घ्या. सौरऊर्जेच्या योजनांसाठी हल्ली गायरानांचा शोध चालू असतो. ज्या माळावर रोज जनावर आणि माणूस दिसतं, तो पडीक आहे असं म्हणायला जीभ अडते. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी गावाकडंच राहाव्यात असं बजावलंय, पण निकाल फायलीत असतो आणि मेंढरं माळावर असतात.

राहिली ठरावाची तारीख. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेऊ नका. निम्मे मेंढके तेव्हा परमुलखात असतात आणि ठराव त्यांच्या माघारी होतो. 1 मेलाही बरेच वाटेत असतात. 15 ऑगस्टला घ्या. सगळे गावात असतात, गवत समोर उभं असतं, आणि कुठला पट्टा कुठं संपतो ते सभा उठवून माळावर जाऊनच ठरवता येतं.